सही म्हणजे साक्ष

(कल्याण मंडळाच्या युवक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला दिलेला विषय आपणांस थोडा अपरिचित वाटेल. विमानाच्या देखभाल-दुरुस्तीच्या कागदपत्रांत होणाऱ्या चुका, हा तो विषय. आपल्यापैकी पुष्कळांनी विमान फक्त आकाशात पाहिले आहे. मग त्याच्या कागदपत्रांशी आपला संबंध काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे.

पण संबंध आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याच बेलोऱ्याला वैमानिक घडविणारी प्रशिक्षण संस्था काढण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ साली केली. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी तर १९४३ सालची आहे आणि ती वाढवून द्या, ही मागणी अकोलेकर वर्षानुवर्षे करीत आले आहेत. नागपूरच्या मिहान प्रकल्पात मोठी प्रवासी विमाने दुरुस्त करण्याचा कारखाना २०१५ पासून आहे. बडनेऱ्याहून रेल्वेने जेमतेम तीन तासांचे अंतर. आयटीआय झालेल्या, पदविका घेतलेल्या आपल्या मुलामुलींना हे क्षेत्र आता दूरचे राहिलेले नाही. तिथे आपला मुलगा कामाला लागेल, तेव्हा त्याच्या हाती पाना येईल आणि पानाइतकेच महत्त्वाचे आणखी एक हत्यार येईल. ते म्हणजे पेन. आज आम्ही त्या पेनाविषयी बोलणार आहोत.

प्रथम विमानाच्या कागदांची व्यवस्था काय असते ते पाहू. प्रत्येक विमानाची एक तांत्रिक नोंदवही असते. उड्डाण संपले की वैमानिक त्यात लिहितो, अमुक दिवा लागत नाही, अमुक काटा हलत नाही. मग परवानाधारक देखभाल अभियंता तो दोष तपासतो, दुरुस्त करतो, काय केले ते लिहितो आणि खाली सही करतो. त्या सहीचा अर्थ असा की, हे काम ठरलेल्या पद्धतीने झाले आहे आणि या कामापुरते विमान प्रवाशांना नेण्यास योग्य आहे. ही सही नसेल तर विमान जागचे हलू नये, असा नियम आहे.

काही दोष लगेच दुरुस्त होण्यासारखे नसतात. त्यांच्यासाठी एक यादी ठरलेली असते. कोणते उपकरण बंद असताना विमान नेता येईल, कोणत्या अटीवर आणि किती दिवस, हे त्या यादीत असते. काही दोषांना ३ दिवसांची मुदत, काहींना १० दिवसांची, काहींना १२० दिवसांची. मुदत संपली की दुरुस्ती केलीच पाहिजे. मोठ्या दुरुस्तीच्या वेळी प्रत्येक कामाचे वेगळे जॉब कार्ड असते. त्यावर एकेक पायरी छापलेली असते. पायरी पूर्ण करायची, मग तिच्यापुढे सही करायची. जिथे चूक झाली तर विमान ताब्यातच राहणार नाही, अशा नाजूक कामांवर दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे पाहून दुसरी सही करायची असते.

आता आपण विचाराल, एवढे कागद कशाला? काम चांगले केले म्हणजे झाले ना?

बंधूंनो, याचे उत्तर आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीची गोष्ट घ्या. शिवारात जाऊन, बांधावर उभे राहून, कोणत्या गटात काय पेरले ते पाहून लिहायचे, असा नियम. पण चावडीवर बसल्या जागी मागच्या वर्षीची नोंद पुढे ओढली गेली, अशी तक्रार आपल्याकडे किती जुनी आहे! शेतात सोयाबीन आणि कागदावर कपाशी. शेतकऱ्याला ते कळते केव्हा? पीक बुडाल्यावर, नुकसानभरपाईची यादी लागल्यावर. शेत खरे होते, पीक खरे होते, घामही खरा होता. तरी कागद खोटा निघाला आणि कागदाचेच चालले. २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर पीक नोंदवायची ई-पीक पाहणी आली, ती याच दुखण्यावर उपाय म्हणून.

विमानाचेही असेच आहे. वैमानिक उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारतो, पण शेपटीच्या वरच्या बाजूचे स्क्रू त्याला खालून दिसत नाहीत. इंजिनाच्या पोटातला भाग दिसत नाही. त्याला दिसतो तो कागद. मागच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेले पुढच्या माणसापर्यंत कागदावरूनच पोहोचते. म्हणून आम्ही म्हणतो की सही म्हणजे साक्ष आहे. 'मी पाहिले, मी केले' अशी ती जबानी आहे. न पाहता दिलेली जबानी कोर्टात जशी खोटी, तशीच न पाहता केलेली सही विमानाच्या कागदावर खोटी.

हे नुसते बोलणे नाही. जगाच्या अनुभवातली काही उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले उदाहरण अस्पष्ट नोंदीचे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान हवेत असताना त्याचे इंधन संपले. इंधन दाखविणारे यंत्र बिघडले होते. आधीच्या तंत्रज्ञाने तात्पुरता उपाय करून नोंदवहीत थोडक्यात लिहिले होते, पण त्या लिहिण्यातून नेमके काय केले आणि का केले, हे पुढच्यांना उमगले नाही. पुढच्या मुक्कामी दुसऱ्याने त्यात हात घातला आणि काम अर्धवट राहिले. मग इंधन काडीने मोजण्याची वेळ आली. तेव्हा कॅनडात पौंड जाऊन किलोग्रॅम येत होते. हिशेब किलोचा हवा होता, तो पौंडाच्या आकड्याने झाला आणि निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडाले. वैमानिकांच्या कौशल्याने ते गिम्ली येथील जुन्या धावपट्टीवर इंजिनाशिवाय उतरले. विमानातली ६९ माणसे वाचली. पण प्रत्येक वेळी असे होत नाही.

दुसरे उदाहरण अर्ध्या कामाचे. ११ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यात कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचे छोटे प्रवासी विमान हवेतच मोडले. १४ माणसे गेली. आदल्या रात्री ह्यूस्टनच्या हँगरमध्ये त्याच्या शेपटीच्या आडव्या पंखाचे काम चालू होते. संध्याकाळच्या पाळीने पंखाच्या दोन्ही बाजूंचे वरचे स्क्रू काढले. पाळी बदलली. रात्रपाळीने उजव्या बाजूचे काम पुरे केले. डाव्या बाजूचे स्क्रू काढलेले आहेत, हे जॉब कार्डवर चढलेच नव्हते. एका निरीक्षकाने पाळीच्या वहीत त्रोटक नोंद केली, पण पुढच्या पाळीचा निरीक्षक ती वही त्याआधीच पाहून गेला होता. ४७ स्क्रू नसलेले विमान सकाळी प्रवासी घेऊन निघाले. पहिली फेरी सुखरूप झाली, दुसरीत घात झाला. मित्रहो, यात कोणी चोर नव्हता, कोणी दारू प्यालेला नव्हता. जी माणसे होती ती रोजच्यासारखी कामाला आलेली होती. फक्त एक ओळ लिहायची राहिली.

तिसरे उदाहरण त्याच वर्षाचे, पण जातीने वेगळे. ११ जुलै १९९१ रोजी सौदी अरेबियातील जेद्दा येथून हज यात्रा करून परतणारे नायजेरियाचे यात्रेकरू घेऊन एक विमान निघाले. ते नेशनएअर या कॅनडाच्या कंपनीचे होते. त्याच्या काही टायरमधली हवा कमी आहे, हे काही दिवस आधीच मोजून कळले होते. पण हवा भरण्याऐवजी कागदावरचे आकडे बदलले गेले. ते वाढवून लिहिले. उड्डाणाला उशीर नको, असा वरून तगादा होता. धावपट्टीवर टायर तापून फुटले, चाकांना आग लागली, ती विमानाच्या पोटात शिरली. २४७ यात्रेकरू आणि १४ कर्मचारी, अशी २६१ माणसे जळाली. टेक्सासमध्ये नोंद राहिली होती, इथे नोंद बनविली गेली.

चौथे उदाहरण न पाहता केलेल्या सहीचे. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत मायामीहून निघालेले व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान दलदलीत कोसळले. ११० माणसे मेली. त्या कंपनीच्या दुसऱ्या काही विमानांची दुरुस्ती मायामीत एक कंत्राटदार करीत होता. तिथे प्राणवायू तयार करणारे जुने डबे काढण्यात आले. हे डबे चालू झाले की अतिशय तापतात, म्हणून त्यांच्यावर सुरक्षेची टोपी बसवायची, असे जॉब कार्डवर छापलेले होते. टोप्या दुकानात नव्हत्या. त्या बसविल्याच नाहीत, तरी कार्डावर काम झाल्याच्या सह्या झाल्या. पुढे ते डबे खोक्यांत भरले गेले आणि सोबतच्या कागदावर 'रिकामे' असे लिहिले गेले. प्रवासी विमानाच्या सामानाच्या कप्प्यात ती खोकी चढली आणि तिथेच आग लागली. टोपी बसविणे हे फार मोठे शास्त्र नव्हते. 'टोप्या नाहीत, काम अपुरे' एवढे लिहून कार्ड उघडे ठेवले असते, तर कोणीतरी पुढे विचारले असते. सही झाली आणि विचारणे थांबले.

खोटी साक्ष किती वर्षे जिवंत राहते, तेही ऐका. २५ मे २००२ रोजी तैवानजवळ चायना एअरलाइन्सचे बोइंग ७४७ हवेत तुटले. २२५ माणसे गेली. तपासात मूळ सापडले ते १९८० सालचे. त्या वर्षी हाँगकाँगला उतरताना त्या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती. खरडलेला पत्रा नीट काढून टाकण्याऐवजी वरून ठिगळ मारले गेले आणि नोंदीत मात्र काम नियमपुस्तकाप्रमाणे झाल्याचे लिहिले गेले. त्यानंतर २२ वर्षे लोक त्या नोंदीवर विसंबून राहिले आणि ठिगळाखाली तडा वाढत राहिला.

आता कोणी म्हणेल, हे सारे परदेशातले. आपल्याकडे पाहू. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला झालेला एअर इंडियाचा अपघात आपण विसरलेलो नाही. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९, अशी २६० माणसे त्यात गेली. त्या अपघाताचे कारण आम्ही कागदपत्रांशी जोडत नाही, कारण तसे म्हणण्यास आधार नाही आणि आधाराशिवाय बोलणे म्हणजे न पाहता सही करणेच होय. पण त्या दुःखानंतर आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दिल्ली आणि मुंबईसह मोठ्या विमानतळांवर तपासणी केली आणि २४ जून २०२५ रोजी आपले निष्कर्ष जाहीर केले. त्यांत काय होते? तेच तेच दोष विमानांत पुनःपुन्हा येत होते, म्हणजे आधीची दुरुस्ती खरी झाली नव्हती. दुरुस्ती करताना कामाचा लेखी आदेश पाळला गेला नव्हता. विमानाच्या यंत्रणेने दाखविलेले दोष तांत्रिक नोंदवहीत चढविले गेले नव्हते. झिजलेल्या टायरमुळे एक उड्डाण रोखून धरावे लागले. हे आपल्या मुंबईच्या दारातले चित्र आहे.

त्याच वर्षी वृत्तसंस्थांनी आणखी दोन गोष्टी उजेडात आणल्या. एअर इंडियाच्या तीन एअरबस विमानांच्या बाबतीत, संकटकाळी बाहेर पडायच्या घसरगुंडीची तपासणी मुदतीत न करता ती विमाने उडविली गेली, असा ठपका महासंचालनालयाने ठेवला. एअर इंडिया एक्सप्रेसच्या एका विमानाच्या इंजिनाचे भाग ठरलेल्या मुदतीत बदलले गेले नाहीत आणि ते बदलल्याचे दाखविण्यासाठी संगणकातील नोंदीत फेरफार झाल्याचे दिसते, असे महासंचालनालयाच्या पत्रात म्हटले होते. कंपनीने चूक मान्य केली आणि एका संगणक-प्रणालीतून दुसरीत नोंदी हलविताना मुदतीची तारीख निसटली, असे सांगितले. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये एअर इंडियाचे एक विमान, त्याचे उड्डाणयोग्यतेचे वार्षिक प्रमाणपत्र संपलेले असताना, आठ वेळा उडाले. सुदैवाने या प्रकरणांत कोणाचा जीव गेला नाही. परंतु टेक्सासच्या विमानाचीही पहिली फेरी सुखरूपच झाली होती.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. संगणक आला म्हणजे खोटेपणा गेला, असे नाही. पूर्वी शाईने खाडाखोड व्हायची, आता बटणाने होते. पूर्वी वहीचे पान गहाळ व्हायचे, आता तारीख निसटते. यंत्र बदलले तरी साक्ष माणसालाच द्यावी लागते.

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. खोटी सही माणूस करतो का? आमच्या मते लोभाने करणारे थोडे. बहुतेक जण भीतीने आणि घाईने करतात. रात्रीचे तीन वाजलेले असतात. विमान सहा वाजता निघायचे असते. फॉर्म लांबलचक असतो, एकेका कामाला पन्नास रकाने. साहेब म्हणतो, 'अरे, कर सही, नेहमीचेच आहे.' मुलगा कंत्राटी असतो. करार अकरा महिन्यांचा. घरी आई-वडील, बहिणीचे लग्न, सोसायटीचे कर्ज. त्याच्या एका पगारावर पाच माणसांची चूल. अशा वेळी त्याचा हात थरथरतो आणि पेन चालते.

म्हणून दोष द्यायचा तर तो फक्त खालच्या माणसाला देऊन चालणार नाही. टेक्सासच्या अपघाताची चौकशी झाली तेव्हा चौकशी मंडळाचे एक सदस्य जॉन लॉबर यांनी वेगळे मत नोंदविले. कंपनीच्या वरिष्ठ व्यवस्थापनाने कामाची नीट शिस्त रुजविली नाही, हेही अपघाताचे कारण म्हणून लिहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे मत तेव्हा एकट्याचे ठरले, पण पुढे विमान क्षेत्राने त्यातून पुष्कळ धडा घेतला. जो कारागीर स्वतः येऊन सांगतो की 'माझ्याकडून राहिले', त्याला लगेच घरी पाठविले तर दुसऱ्या दिवसापासून कोणीही काही सांगणार नाही. चुका तेवढ्याच होतील, फक्त झाकल्या जातील. नजरचुकीने राहिलेले आणि जाणूनबुजून खोटे लिहिलेले, यांत फरक केलाच पाहिजे. पहिल्याला शिकवावे, दुसऱ्याला शासन करावे, आणि ज्याने तगादा लावला त्याला दोघांच्या आधी विचारावे.

बंधू-भगिनींनो, सहीचे मोल आपल्या लोकांइतके कोणाला कळावे? आपल्या आज्या-पणज्यांनी अंगठे दिले. सावकाराच्या कागदावर, मालकाच्या वहीवर. वर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. 'इथे लाव' म्हटले की लावला. त्या एका निळ्या ठशापायी शेते गेली, भांडी गेली, हयात वेठीत गेली. म्हणून तर त्यांनी उपाशी राहून पोरांना शाळेत घातले. आज त्यांची नातवंडे सही करतात. पण आम्ही स्पष्ट सांगतो, न वाचता, न पाहता केलेली सही म्हणजे अंगठाच. फरक इतकाच की, आजोबांच्या अंगठ्याने त्यांचे स्वतःचे घर बुडाले, आपल्या सहीने दुसऱ्यांची घरे बुडतील.

आणि हे विमानापुरते नाही. या सभागृहात एसटीच्या डेपोत काम करणारे आहेत. ड्रायव्हरने 'ब्रेक कमी लागतो' असे लिहून दिले आणि कोणी गाडीखाली न जाता 'ब्रेक पाहिले' असे लिहिले, तर चिखलदऱ्याच्या घाटात काय होईल? वीज कंपनीतले लाईनमन आहेत. सब-स्टेशनवर परमिट घेतल्याशिवाय खांबावर चढायचे नाही आणि ते परमिट परत येईपर्यंत लाईन चालू करायची नाही. तो कागद म्हणजे खांबावरच्या माणसाचा प्राण आहे. रुग्णालयातल्या सिस्टर आहेत. इंजेक्शन दिल्याची नोंद आधीच करून ठेवली आणि पाळी बदलली, तर रुग्णाला इंजेक्शन मिळतच नाही. किंवा नोंद राहिली, तर दोनदा मिळते. बडनेऱ्याच्या, अकोल्याच्या, मूर्तिजापूरच्या रेल्वे वसाहतींतले बंधू आहेत. त्यांना तर हे सारे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

तेव्हा या कामांत जाऊ पाहणाऱ्या तरुणांना चार-पाच गोष्टी सांगतो. त्या लिहून घ्या.

पहिली गोष्ट, वाचल्याशिवाय आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करू नका. काम झाल्यावर सही, आधी नाही. दहा पायऱ्यांच्या दहा सह्या पाळीच्या शेवटी एकदम करणे, हीही खोटीच साक्ष.

दुसरी, दुसऱ्याच्या कामावर आपली सही नको आणि आपली सही दुसऱ्याच्या हाती नको. संगणकाचा पासवर्ड ही आजची सही आहे. मित्र कितीही जिवलग असला तरी तो देऊ नका. जेवणाचा डबा वाटून खा, पासवर्ड वाटू नका.

तिसरी, काम अर्धे राहिले तर अर्धे राहिले असे लिहा. काय काढले, काय बसविले, काय बाकी आहे, हे पुढच्याला कळेल अशा सरळ शब्दांत लिहा. पाळी सोपविताना तोंडाने सांगा आणि कागदावरही ठेवा. शक्य असेल तर जागेवर नेऊन दाखवा. नुसते सांगितलेले वाऱ्यावर जाते आणि नुसते लिहिलेले वाचायचे राहते.

चौथी, लिहिताना चूक झाली तर ती खोडून नाहीशी करू नका. खालचे वाचता येईल अशी एकच रेघ मारा, शेजारी बरोबर लिहा, लहान सही आणि तारीख घाला. पांढरी शाई लावलेला कागद संशय निर्माण करतो, सरळ रेघ मारलेला कागद विश्वास देतो.

पाचवी गोष्ट अवघड आहे. दबाव आला तर भांडू नका, पण वाकूही नका. नम्रपणे म्हणा, 'साहेब, मी पाहिलेले नाही, पाहून सही करतो.' तरी आग्रह झाला तर म्हणा, 'तसे लेखी द्या.' तोंडी हुकूम देणारे पुष्कळ असतात, लेखी देणारा सहसा सापडत नाही. प्रत्येक मान्यताप्राप्त दुरुस्ती संस्थेत गुणवत्तेचा आणि सुरक्षेचा विभाग असतो. तिकडे जा. एकटे राहू नका.

आणि आता पालकांना दोन शब्द. मुलगा घरी फोन करून सांगतो, 'बाबा, साहेब असे-असे म्हणतात.' तेव्हा आपण काय उत्तर देतो? 'जाऊ दे बाबू, कर सही, नोकरी सांभाळ', असेच ना? आम्हाला तुमची काळजी समजते. पण असे सांगून आपण त्याला वाचवीत नाही. उद्या काही घडले तर कागदावर साहेबाचे नाव नसेल, तुमच्या मुलाचे असेल. त्याच्या एका सहीवर दीड-दोनशे माणसे जिवाची खात्री बाळगून बसलेली असतात, आणि त्यांतही कोणाचे तरी आई-बाप, कोणाची तरी लेकरे असतात. त्याला सांगा, 'तू खोटे लिहू नकोस, आपण मीठ-भाकर खाऊ.'

पण मीठ-भाकर खा म्हणणे सोपे आहे. म्हणून या व्यासपीठावरून मंडळाला आम्ही एक सूचना करतो. खोटी सही करायला नकार दिला म्हणून आपल्या एखाद्या मुलाचे वा मुलीचे कंत्राट तुटले, तर मंडळाने त्याची शहानिशा करावी आणि खरे आढळल्यास त्या घराचा तीन महिन्यांचा किराणा आपल्या निधीतून भरावा. सोबत अर्ज लिहून देणारा, कायदा जाणणारा एखादा कार्यकर्ता द्यावा. रक्कम फार मोठी नाही. शिष्यवृत्ती देऊन आपण मुलाला पेन धरायला शिकवितो. ते पेन सरळ ठेवायची त्याची हिंमत टिकावी, यासाठीही मदत व्हायला हवी. वर्षाकाठी असे एखादेच प्रकरण येईल. कदाचित एकही येणार नाही. पण आपल्या मागे कोणी उभे आहे, एवढे माहीत असले तरी रात्री तीन वाजता हात थरथरत नाही.

अध्यक्ष महोदय, या सूचनेचा विचार कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत व्हावा, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.